दोनशे मीटरच्या पलीकडे

इथल्या मराठी मंडळाच्या संमेलनात किंवा एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात नवीन ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुम्ही काय करता?" माझा नवरा डार्मश्टाटला औषधांच्या कंपनीत आहे. त्यामुळे मी "गोळीचा वेग मोजते" म्हटलं की लोकांना वाटतं, मीही त्याच कंपनीत असणार. एक काकू म्हणाल्या, "म्हणजे पोटात गेल्यावर किती वेळात विरघळते ते?" मी म्हटलं, "नाही हो काकू, बंदुकीची गोळी." त्यांनी स्वतःच्या ताटातली जिलबी तेवढी माझ्या ताटात घातली.

माझे वडील विदर्भातल्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. मी मेकॅनिकल इंजिनियर होऊन जर्मनीत आले, इथे मास्टर्स केलं, आणि डार्मश्टाटच्या बाहेर औद्योगिक वस्तीतल्या एका छोट्या चाचणी प्रयोगशाळेत लागले. आईला कळलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "तेच करायचं होतं तर एवढ्या लांब कशाला गेलीस?"

"आई, आम्ही मारत नाही. गोळी अडवणाऱ्या वस्तू तपासतो. जाकिटं, काचा, प्लेटा."

"तपासायला आधी गोळी मारताच ना?"



काम सांगायला सोपं आहे. पोलिसाचं जाकीट अमुक गोळी अडवेल असं कंपनी म्हणते. पण गोळी नुसती कुठली आहे हे सांगून भागत नाही, ती किती वेगात आली हे सांगावं लागतं. तीच गोळी हळू आली तर जाड पुस्तकातही अडकते, जोरात आली तर लोखंडातून जाते. म्हणून प्रत्येक चाचणीला वेगाची एक पट्टी ठरलेली असते. गोळी त्या पट्टीच्या खाली गेली तर जाकिटाला फुकट पास केल्यासारखं होतं, वर गेली तर फुकट नापास केल्यासारखं. दोन्ही वेळा तो शॉट बाद. आणि हे ठरवतं ते यंत्र म्हणजे क्रोनोग्राफ.

त्याचं तत्त्व शाळेतल्या मुलालाही कळेल. गोळीच्या वाटेत दोन चौकटी उभ्या करायच्या, प्रत्येकीत प्रकाशाचा पडदा. जर्मनमध्ये त्याला लिश्टश्रांके म्हणतात. गोळी पहिला पडदा तोडते तेव्हा घड्याळ चालू होतं, दुसरा तोडते तेव्हा बंद. अंतर भागिले वेळ. बस. सगळं शहाणपण आहे ते या दोन आकड्यांवर कधी विश्वास ठेवायचा आणि कधी नाही, यात.

आमच्याकडे कधीकधी नेमबाजी क्लबातले लोकही सल्ला विचारायला येत. हेर लांग, म्हणजे आपल्या भाषेत लांगसाहेब, एक निवृत्त पोस्टमन होते, स्वतःची काडतुसं स्वतः भरायचे. ते एक हलका क्रोनोग्राफ घेऊन तणतणत आले. बाहेर मैदानावर बरोबर चालतो, क्लबच्या हॉलमध्ये काहीच्या बाही आकडे देतो, एकदा तर बंदूक न उडवताच वेग दाखवला. मी विचारलं, "हॉलमध्ये ट्यूबलाइट आहेत?" होत्या. असली यंत्रं आकाशाच्या उजेडात गोळीची सावली पाहतात. ट्यूबलाइट डोळ्याला न दिसेल अशी लुकलुकते आणि यंत्राला प्रत्येक लुकलुक गोळी वाटते. मग त्यांना बाकीचे प्रकार सांगितले. नळीलाच बांधायचा चुंबकाचा येतो, त्याला उजेडाशी देणंघेणं नाही, पण त्याच्या वजनाने नेम हलतो. छोटा रडार येतो, तो बाजूला ठेवून द्यायचा, गोळीला हातही लावत नाही, मात्र शेजारच्याने बार काढला तर त्याचीही मोजणी करतो. हेर लांग बराच वेळ ऐकून म्हणाले, "आल्झो, थोडक्यात, खरं बोलणारं एकही नाही."

मी म्हटलं, "आहेत. पण प्रत्येकाला काय विचारायचं ते माहीत पाहिजे."

ते हसले. आमच्या कामात हसणारी माणसं कमी येतात, म्हणून लक्षात राहिले.

ओक्साना आली ती एका सकाळी, चाकांची प्रवासी बॅग ओढत. चाळिशीची बाई, डार्मश्टाटमधल्या वृद्धाश्रमात काम करणारी. युद्ध सुरू झाल्यावर आईला घेऊन युक्रेनमधून इथे आली होती. जर्मन तुटक, पण स्पष्ट. तिने रिसेप्शनवर बॅग उघडली. आत छातीवर घालायच्या पाच सिरॅमिक प्लेटा होत्या, टॉवेलात गुंडाळलेल्या. प्रत्येकीवर कागदी चिकटपट्टी आणि पट्टीवर एकेक नाव.

तिचा धाकटा भाऊ आंद्री आघाडीवर होता. त्याच्या तुकडीसाठी इथल्या लोकांनी मिळून नेटवरून या प्लेटा मागवल्या होत्या. पहिली खेप जाऊन पोचली होती, आंद्री आणि त्याचे सोबती त्याच घालून उभे होते. ही दुसरी खेप, ज्यांना मिळाल्या नव्हत्या त्या पाच जणांसाठी. मधल्या काळात कोणीतरी तिला सांगितलं होतं की अशा प्लेटांचं प्रमाणपत्र खोटं असू शकतं.

"तुम्ही तपासून द्याल?" ती म्हणाली.

आमचे प्रमुख हेर फोग्ट कामाच्या बाबतीत कडक माणूस. आम्ही कंपन्यांचं काम घेतो, व्यक्तीचं नाही, हे ते तिला सांगायला बाहेर आले. चिकटपट्ट्यांवरची नावं त्यांनी वाचली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फ्राऊ गजभिये, दुपारी स्टँड मोकळा आहे का?" माझं आडनाव त्यांना इतक्या वर्षांत नीट जमलेलं नाही, ते गाजबीये म्हणतात. मी म्हटलं, मोकळा आहे.

मग सगळ्यात अवघड गोष्ट मलाच तिला सांगावी लागली. प्लेट तपासायची म्हणजे फोडायची. सिरॅमिक गोळी अडवतं तेच स्वतः तडकून. तपासलेली प्लेट पुन्हा कोणाला घालता येत नाही. पाचातली एक द्यावी लागेल.

"याला दोन मुली आहेत," ती एकीवर बोट ठेवून म्हणाली. "हा आईचा एकटाच. हा एकोणीस वर्षांचा आहे." शेवटी तिने एक प्लेट माझ्याकडे सरकवली. "हा. हा माझ्या भावाच्या सिगारेटी घेतो आणि परत देत नाही." आणि असं म्हटल्याबरोबर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. थोड्या वेळाने तिने स्वतःच त्या प्लेटवरची पट्टी सोलून काढली आणि आपल्या स्वेटरच्या बाहीवर चिकटवली.

आमच्या स्टँडवर बंदूक कोणी हातात धरत नाही. एक जाड नळी लोखंडी पायावर घट्ट बसवलेली असते आणि काचेपलीकडून बटण दाबून बार काढतात. ते काम माझा सहकारी डिर्क करतो. समोर प्लेट, प्लेटच्या मागे चाचणीची माती, आपल्या शाडूसारखी मऊ. गोळी आत आली तर मातीत भोक, अडली तर नुसता खळगा. डिर्कने मातीची जड पेटी गाड्यावरून ढकलत आणली, प्लेट बांधली. ओक्साना काचेपलीकडे माझ्या शेजारी उभी राहिली. तिला बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण ती हलली नाही.

बार झाला. काचेतून प्लेट जराशी हललेली दिसली, एवढंच. आत जाऊन पाहिलं तर मातीत भोक होतं, बोट जाईल एवढं.

ओक्सानाने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं.

पण माझं लक्ष आकड्यांकडे होतं. आम्ही एक वेग दोनदा मोजतो, नळीजवळच्या दोन चौकटींवर आणि प्लेटजवळच्या दोन चौकटींवर. नळीजवळची जोडी सांगत होती, वेग पट्टीच्या आत. प्लेटजवळची सांगत होती, पट्टीच्या बऱ्याच वर. मुळात हवेतून पुढे जाताना गोळी मंदावते. पुढच्या जोडीने जास्त वेग दाखवणं म्हणजे दोघींपैकी एक नक्की खोटं बोलत होती. नळीजवळची जोडीही चुकू शकते. नळीतून गोळीच्या आधी धुराचा झोत निघतो, तो पहिला पडदा तोडू शकतो, मग घड्याळ लवकर सुरू होतं आणि वेग कमी दिसतो.

हेर फोग्ट म्हणाले, "दुमत असेल तर शॉट बाद. नियम तसाच आहे. दुसरी प्लेट लावा."

ओक्सानाला सगळे शब्द कळले नाहीत पण अर्थ कळला. तिने माझा हात धरला. "म्हणजे प्लेट चांगली असू शकते? यंत्र चुकलं?"

"असू शकतं," मी म्हटलं.

"मग मारा दुसरी." ती बाहीकडे न बघता पुढची पट्टी सोलायला लागली.

मी तिचा हात थांबवला. हेर फोग्टना म्हटलं, दुसरी प्लेट फोडण्याआधी यंत्रालाच विचारून घेऊ. प्लेट न लावता, त्याच खोक्यातली काडतुसं नुसती मागच्या वाळूच्या ढिगात मारू आणि बाजूला रडार लावू. रडार गोळीचा पूर्ण प्रवास बघतो, त्याला चौकटींशी काही घेणं नाही. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

आम्ही एकामागून एक बार काढले. प्रत्येक वेळी रडार आणि नळीजवळची जोडी एका बाजूला, प्लेटजवळची जोडी दुसऱ्या बाजूला. मी आत जाऊन त्या जोडीच्या दोन चौकटींमधलं अंतर मोजपट्टीने मोजलं. त्यातली नळीकडची चौकट दोन बोटं प्लेटच्या दिशेने सरकली होती. मातीची पेटी आणताना गाड्याचा धक्का तिला लागला असणार, तिची खीळ ढिली पडली होती. अंतर कमी, म्हणून गोळी लवकर पोचली, म्हणून यंत्राला वाटलं ती जास्त जोरात आली. एवढंच होतं सगळं.

म्हणजे पहिला शॉट बरोबर होता. वेग नियमात होता. प्लेट त्या गोळीसमोर टिकत नव्हती.

आमच्या धंद्यात अशा क्षणी लोक एकमेकांचं अभिनंदन करतात, कारण चूक सापडली. डिर्कने नकळत माझ्या खांद्यावर थाप मारली सुद्धा. मग काचेपलीकडे उभ्या बाईकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याने हात खाली घेतला.

मी बाहेर येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग या पाठवायच्या नाहीत."

"नाही."

"पण त्या तिथे आहेत. आंद्रीच्या अंगावर."

तिने फोन काढला. एरवी सहसा लागत नसे, त्या दिवशी लागला. पडद्यावर दाढी वाढलेला एक तरुण चेहरा दिसला, मागे मातीची भिंत, लाकडाचे ओंडके. ती त्याच्याशी त्यांच्या भाषेत बोलली. तो ओरडला नाही, रागावला नाही. त्याने काहीतरी विचारलं. ती माझ्याकडे वळली.

"तो विचारतो, अजिबात अडवत नाही का? की जवळून नाही अडवत?"

इतकी वर्षं मी कंपन्यांच्या इंजिनियरांना उत्तरं दिली आहेत. इतका नेमका प्रश्न मला फार कमी वेळा आला. आमची चाचणी जवळून सुटलेल्या गोळीची असते. जशी दूर जाते तशी ती मंदावते. कुठल्यातरी वेगाला ही प्लेट टिकतच असणार. तो वेग कळला, तर त्यावरून अंतर काढता येतं. ते अंतर माहीत असलेल्या माणसाला निदान कळेल की कुठे उभं राहायचं आणि कुठे नाही.

"काढता येईल," मी म्हटलं. "पण त्यासाठी या उरलेल्या चारही फोडाव्या लागतील."

तिने भावाला सांगितलं. तो थोडं हसला आणि एकच शब्द बोलला. तिने भाषांतर केलं नाही. सरळ बॅगेकडे गेली.

हेर फोग्टनी कोट काढून खुर्चीवर टाकला. डिर्क काडतुसांत दारू कमी भरत गेला आणि मी आधी वाळूत मारून वेग बघत गेले. वेग हवा तेवढा झाला की प्लेट लावायची. एका प्लेटवर एकच गोळी, कारण एकदा तडकलेलं सिरॅमिक खरं बोलत नाही. प्रत्येक प्लेट बांधण्याआधी ओक्साना तिच्यावरचं नाव सोलून घ्यायची. दोन मुलींचा बाप. आईचा एकटा मुलगा. तिची बाही पट्ट्यांनी भरत गेली.

सेकंदाला सहाशे मीटर: आरपार. पाचशे: अडली, मातीत खोल खळगा. साडेपाचशे: अडली. शेवटच्या प्लेटवर आम्ही पुन्हा साडेपाचशेच मारली, कारण एकदा अडणं म्हणजे नशीबही असू शकतं. अडली. ओक्सानाने तेव्हा पहिल्यांदा श्वास सोडल्याचं मी ऐकलं.

मी कागद घेऊन बसले. त्या गोळीचा वेग अंतराबरोबर कसा उतरतो हे ठाऊक असतं, हिशोब अवघड नव्हता. दोनशे मीटरच्या पलीकडून आली तर प्लेट बहुधा अडवेल. दोनशेच्या आत नाही. बॉम्बचे तुकडे बरेचसे अडवेल, त्यामुळे काढून टाकू नका, पण दोनशेच्या आत तिच्या भरवशावर छाती पुढे करू नका. मी हे तीनदा सोप्या जर्मनमध्ये सांगितलं. ओक्सानाने फोन लावला आणि सांगितलं.

मग आंद्रीने काहीतरी विचारलं.

"तो विचारतो, थंडीत? थंडीत गोळी हळू जाते म्हणतात."

"थोडी. दारू गार असली की वेग जरा कमी होतो. पण एवढा फरक नाही पडत. का विचारतोय?"

तिने विचारलं. उत्तर ऐकून तिने फोन हातातच धरून ठेवला.

"झाडांच्या रांगेत एका टोकाला हे आहेत, दुसऱ्या टोकाला ते," ती म्हणाली. "शंभर मीटरसुद्धा नाहीत मध्ये."

डिर्क सांडलेली वाळू झाडू लागला. हेर फोग्ट कोट चढवून म्हणाले, रिपोर्ट करून द्या, विक्रेत्यावर तक्रार करायला उपयोगी पडेल. त्यांना तेवढंच सुचलं असावं. फोनवर आंद्री माझ्याकडे बघून हात वर करून काहीतरी म्हणाला, ते धन्यवाद होतं एवढं मला कळलं. पाच फुटक्या प्लेटा आम्ही ठेवून घेतल्या, ओक्साना रिकामी बॅग घेऊन बसस्टॉपकडे गेली. रिकाम्या बॅगेची चाकं फरसबंदीवर फार आवाज करतात.

नंतर तिच्या लोकांनी दुसऱ्या, चांगल्या कारखान्याच्या प्लेटा मिळवल्या. आम्ही त्यातली एक तपासली, ती टिकली. त्या रस्त्यात असतानाच झाडांची ती रांग शत्रूच्या हाती पडली. तुकडीतले काही जण मागे येऊ शकले. आंद्री त्यांच्यात नव्हता, आणि मेलेल्यांतही त्याचं नाव नव्हतं. बेपत्ता.

मी हे काम आता फार दिवस करणार नाही, निवृत्ती जवळ आली आहे. गोळी अडवलेली किती जाकिटं माझ्या हाताखालून गेली असतील! त्यांतलं एखादं कोणाच्या तरी अंगावर कामाला आलंही असेल, पण तशी बातमी आमच्यापर्यंत येत नाही. जे वाचतात ते प्रयोगशाळेत येऊन सांगत नाहीत.

ओक्साना येते. वसंतात आली होती, वृद्धाश्रमातल्या आज्यांनी केलेला केक घेऊन. आम्ही जेवणाच्या खोलीत बसलो. माझी कॉफी संपेपर्यंत ती इकडचं तिकडचं बोलली, आईच्या गुडघ्यांचं, ट्रामच्या संपाचं. मग कप खाली ठेवून म्हणाली, "फ्राऊ गजभिये, एक विचारू? परत आलेला एक मुलगा सांगतो, आंद्री शेवटी मोकळ्या शेतातून मागे पळत होता. म्हणजे अंतर वाढलं असेल, नाही? तसलीच एक प्लेट त्याच्या पाठीवरही होती. खूप मागून, लांबून गोळी आली असेल, तर अडली असेल ना?"

शेत किती मोठं होतं ते मला माहीत नव्हतं. तिलाही माहीत नव्हतं. कोणीच मोजलेलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "दोनशे मीटरच्या पलीकडून आली असेल, तर अडली असेल."

"गेनाऊ, बरोबर," ती म्हणाली, आणि केकचा तुकडा कापून माझ्या बशीत ठेवला.